म्हातारी, पाहुणी आणि इराप्पाच्या अक्षता

एकाहत्तरच्या मे महिन्यात आमची लहानशी तुकडी सोलापूरला आली. होटगी रस्त्याच्या कडेला मोकळ्या माळावर तंबू ठोकले. काम एकच होतं. परदेशातून चाचणीसाठी आलेली एक नवी गाडी इथल्या काळ्या मातीत चालवायची, शेजारी आपली जुनी जीप चालवायची आणि दोघींत कोण बरी ते वर कळवायचं. मी हवालदार नागणे, व्हेईकल मेकॅनिक. गाव मंगळवेढ्याकडचं. जम्मूपासून तेजपूरपर्यंत फिरलो होतो, आणि आता पोस्टिंग घराच्या दाराशी आलं होतं. बायको म्हणाली, "आता तरी रविवारी घरी दिसाल." एकाही रविवारी दिसलो नाही. त्याला कारण ती नवी गाडी.

जीपला आम्ही म्हातारी म्हणायचो आणि नवीला पाहुणी. पाहुणीसारखेच तिचे लाड होते. आज तेल गळायचं, उद्या सेल्फ घ्यायची नाही, परवा ब्रेक धरून बसायचे. एक दुखणं काढलं की दुसरं हजर. त्यात आमचे सगळे पाने इंची मापाचे आणि तिचे बोल्ट मिलिमीटरचे. पाना बसायचा नाही, बसला तर घसरायचा आणि बोटं सोलून निघायची. मी नवी पेठ पालथी घातली. दुकानदार म्हणाला, "हवालदारसाहेब, साडी बघा, पातळ बघा, पाना कुटं मिळणार हितं?" शेवटी एका गिरणीतल्या फिटरनं वाचवलं. त्याच्याकडं जर्मन मशिनं होती, त्यांना मिलिमीटरचे पाने लागायचे. त्यानं चार पाने चहाच्या मोबदल्यात दिले. त्या गड्याचे उपकार मी विसरणार नाही.

आता आमच्या भांडणाचं मूळ सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. जीप ही फोर व्हील ड्राइव्ह. एरवी तिची फक्त मागची दोन चाकं ओढतात. चिखल आला की ड्रायव्हर एक दांडा ओढतो आणि पुढची दोन चाकं कामाला लागतात. मग चारही एकाच चालीनं फिरतात. चिखलात ते झकास. पण कडक रस्त्यावर तसंच चालवलं तर वळताना पुढच्या चाकांना लांबचा फेरा पडतो, मागच्यांना जवळचा, आणि कोणी कोणाला सोडायला तयार नाही. सगळा पीळ शाफ्टात भरतो आणि दांडा अडकून बसतो. पाहुणी ही ऑल व्हील ड्राइव्ह. तिची चारही चाकं कायम ओढणार, दांडा नाही, काही नाही. पुढच्या मागच्यांचा फरक मधला डिफरेन्शियल सांभाळणार. डांबरावर लोण्यासारखी चालायची, हे मी कबूल करतो. पण तिच्यातही खोट होती. चार बैल जुंपलेत आणि एक घसरला, तर बाकीचे तिघं उभे राहून बघणार, असा प्रकार. एक चाक फिरायला लागलं की सगळी ताकद त्यालाच जायची. त्यासाठी तिला एक लॉक होतं. बटण ओढलं की मधला डिफरेन्शियल बांधला जायचा. ते लॉक एका रबरी नळीवर चालायचं, आणि त्या नळीनं मला नाकी नऊ आणले होते. तीनदा बसवली. तीनदा सुटली.

आमचे साहेब कॅप्टन बक्षी. देहरादूनकडचे, वय सत्तावीस, हाडाचे गाडीवाले. पाहुणीवर त्यांचा फार जीव. मी म्हातारीच्या बाजूचा. रोज संध्याकाळी लंगरपाशी आमची जुगलबंदी चालायची आणि सगळी तुकडी मजा बघायची.

"हवालदार, जमाना ऑल व्हील का आने वाला है."

"आने दो साब. तब तक फोर व्हील खींच के लाएगी उसको."

आणि तिसरा इराप्पा. नाईक इराप्पा, ड्रायव्हर. अक्कलकोटकडचा गडी, घरात कन्नड, बाहेर मराठी, साहेबांशी दख्खनी हिंदी. मला तो उस्ताद म्हणायचा. असा ड्रायव्हर मी नोकरीत दुसरा पाहिला नाही. जीपच्या आवाजावरून कुठला नट ढिला आहे ते सांगायचा. त्याचं लग्न दोनदा ठरलं आणि दोनदा मोडता मोडता राहिलं. पूर्वेकडं काहीतरी शिजत होतं, त्यामुळं रजा मंजूर व्हायच्या आणि रद्द व्हायच्या. मुलीकडच्यांनी दोनदा मांडव घातला, दोनदा उतरवला. तिसऱ्यांदा सासऱ्यांनी निरोप पाठवला की यावेळी अक्षता चुकल्या तर मुलगी दुधनीच्या आडत्याच्या पोराला देणार, आणि तो पोरगा लग्नाला हजर राहणार आहे. मुलीचं नाव शांतव्वा. इराप्पानं तिला एकदाच पाहिलं होतं. पण त्या एकाच भेटीवर गडी दीड वर्ष काढत होता.

साहेबांनी त्याला एका दिवसाची रजा दिली, ती स्वतःच्या जबाबदारीवर. घरचे लोक आधीच मुलीच्या गावी गेले होते. मग हळद कोण लावणार? आदल्या दिवशी संध्याकाळी लंगरच्या स्वयंपाक्यानं, म्हणजे लांगऱ्यानं, डाळीत घालायची हळद तेलात कालवली आणि आम्हीच लावली. साहेबांनीही लावली. इराप्पा पिवळाधमक होऊन स्टुलावर बसला होता.

"उस्ताद, ह्यात मीठबी पडलंय काय? लई चुरचुरतंय की."

"गप बस. नवरदेवानं बोलायचं नसतं."

त्याच वेळी पैज लागली. साहेब म्हणाले, नवरदेव पाहुणीतून जाईल, मी स्वतः चालवीन. तुम्ही म्हातारी घेऊन या. जो गावात आधी पोचेल तो जिंकला. हरणाऱ्यानं जिंकणाऱ्याची गाडी हातानं धुवायची. मी लगेच हात पुढं केला. ऑफिसरला जीप धुताना बघायची संधी कोण सोडेल?

रात्री वळवाचा पाऊस झाला. थोडाथोडका नाही, तंबूचे खुंटे उपटणारा. सकाळी साहेब खूश. त्यांना चाचणीसाठी चिखल हवाच होता, आजची फेरीही त्यांनी चाचणीतच धरली. इराप्पाचा चेहरा मात्र उतरला. सोलापूरची काळी माती पावसाआधी दगड असते आणि पावसानंतर डिंक. चाकाला अशी चिकटते की टायरची नक्षी दिसत नाही, आणि मडगार्डात भरली की चाक फिरायचंच थांबतं. डांबरी रस्ता सोडून मुलीच्या गावाला पाच-सहा मैल ह्याच मातीतून जायचं होतं. अक्षता साडेदहाच्या.

आम्ही आठला निघालो, लांगरी माझ्या जीपमध्ये. दोन्ही गाड्यांत वायरलेस सेट होते. डांबरावर पाहुणी पुढं आणि मी लांब मागं. साहेब मुद्दाम सेटवर विचारायचे.

"म्हातारी, फ्रॉम पाहुणी. दिखाई नहीं दे रहे. ओव्हर."

"पाहुणी, फ्रॉम म्हातारी. चिखल येऊ द्या, मग दिसतो. ओव्हर."

डांबर संपलं. पहिले दोन मैल पाहुणी खरंच सुंदर गेली. मग ओढा आला. पाणी गुडघाभर, पण दोन्ही काठांना नुसता काळा राडा. पुढं काय झालं ते मला दोघांनीही नंतर सांगितलं आणि दोघांचं तंतोतंत जुळलं. साहेब काठावर थांबले आणि लॉकच्या बटणाला हात घातला. शेजारी बसलेला इराप्पा म्हणाला,

"साब, अब्बी नक्को. अटका तो लगाएंगे."

ही जीपवाल्याची सवय. आमच्या सगळ्या जुन्या ड्रायव्हरांना हीच शिकवण होती, की पुढचा एक्सल जपायचा, फोर व्हील ही अडल्यावर लावायची. जीपमध्ये ते चालतं. मागची चाकं रुतली तरी दांडा ओढला की पुढची ताजीतवानी चाकं ओढून काढतात. पाहुणीचं तसं नव्हतं. तिचं लॉक आधी लावावं लागायचं, गाडी सरळ आणि संथ असताना. एकदा चाक भिरभिरायला लागलं की आतले दात जुळायचे नाहीत. साहेबांना हे ठाऊक होतं. पण शेजारी तुकडीतला सगळ्यात चांगला ड्रायव्हर बसला होता. त्यांनी बटणावरचा हात काढला.

मी पोचलो तेव्हा पाहुणी पलीकडच्या काठावर तिरकी बसली होती. पुढचं डावं चाक गरगर फिरत होतं, बाकीची तीन गप्प. साहेब बटण ओढून ओढून दमले होते. मी खाली लोळण घेतली. बघतो तर काय, त्या ओढाताणीत रबरी नळी चौथ्यांदा सुटलेली. च्यायला त्या नळीच्या! चिखलात तोंड घालून मी तिला अशा शिव्या दिल्या की साहेबांनी पलीकडं बघितलं.

साहेबांपुढं पेच होता. नियम असा की चाचणीतली गाडी अडकली तर तिनं स्वतःहून निघायचा प्रयत्न करायचा. दुसऱ्या गाडीनं ओढली की त्या चाचणीत ती नापास. महिनाभर त्यांनी पाहुणीला पोटच्या पोरीसारखं सांभाळलं होतं. फावड्यानं माती काढत, दगड घालत बसलो असतो तर ती तासाभरात निघाली असती. इराप्पा शेजारी उभा, पँट गुडघ्यापर्यंत चिखलात आणि फेट्याचं पुडकं दोन्ही हातांनी डोक्यावर धरलेलं. त्यानं एकदा घड्याळाकडं पाहिलं आणि एकदा साहेबांकडं.

साहेब म्हणाले, "रस्सा लगाओ."

"साब, ट्रायल?"

"शादी पहले. ट्रायल फिर कर लेंगे."

म्हातारीला मी लो गिअरमध्ये फोर व्हील लावून वरच्या अंगाच्या खडकावरून पार केलं, पुढं आणून तारेचा दोर बांधला आणि ओढलं. म्हातारी कण्हली, धुरानं काळी झाली, पण पाहुणीला बाहेर घेऊन आली. मी साहेबांकडं पाहिलं नाही. जिंकल्याचा आनंद होता, पण त्या क्षणी तो दाखवावासा वाटेना.

"दूल्हे को ले के निकलो," साहेब म्हणाले. "मैं नळी लगा के आता हूँ." त्यांच्याबरोबर लांगरी थांबला, आणि त्या दोघांनी नळी बसवली ती जानव्यासारख्या सुतळीनं बांधून.

इकडं इराप्पा म्हातारीजवळ येऊन म्हणाला, "सरका की उस्ताद."

"अरे, नवरदेवानं गाडी चालवायची?"

"तुमी चालवलं तर संध्याकाळ हुईल."

मी सरकलो. हळदीचा पिवळा गडी, चिखलानं काळा झालेला, दात खाऊन जीप हाणत होता. पुढचा राडा आम्ही उडत पार केला. मग मुरमाचा पक्का रस्ता लागला, तीन वळणं झाली, आणि अर्ध्या मैलावर गाव दिसलं. वेशीत हलगी वाजत होती. माणसं उभी होती. दहा वाजून गेले होते. आणि तिथंच जीप जड झाली. स्टेअरिंग वळेना, इंजिन गुरगुरलं आणि बंद पडलं.

नवरदेवाचं डोकं ठिकाणावर नसतं म्हणतात ते खोटं नाही. गड्यानं कडक रस्त्यावर फोर व्हील काढलीच नव्हती, लो गिअरसुद्धा तसाच. तीन वळणांचा पीळ शाफ्टात भरून बसला होता. दांडा जागचा हलेना. दोघांनी मिळून ओढला, पायानं ढकलला. जणू वेल्डिंग केलेला.

"उतर आणि चालत जा," मी म्हणालो.

"चालत? उस्ताद, दोनदा मी आलो न्हाई. तिसऱ्यांदा चिखलानं भरून पायी गेलो तर ते काय म्हणतील? गाडीतनं येतो म्हणून सांगितलंय मी." त्यानं दांड्याला पुन्हा लाथ घातली. "शांतव्वाला सांगितलंय."

मी सेट उचलला. "पाहुणी, फ्रॉम म्हातारी. फोर व्हील जॅम. गावासमोर उभे आहोत. ओव्हर."

उत्तर लगेच आलं. "रिव्हर्स लो. सीधा पीछे. बिलकुल सीधा. पीळ खुल जाएगा. ओव्हर."

खरं तर मेकॅनिक मी. हे मला सुचायला हवं होतं, पण घाईत सुचलं नाही. इराप्पानं इंजिन चालू केलं, रिव्हर्स टाकला आणि गाडी सरळ मागं घ्यायला लागला.

आता वेशीतून काय दिसलं असेल ते बघा. दोनदा न आलेला नवरदेव तिसऱ्यांदा गावासमोर येतो, थांबतो, आणि मागं जायला लागतो! हलगी थांबली. एकच गलका झाला. "चालला! परत चालला!" गर्दीतून सासरे पळत सुटले. साठीचा माणूस, एका हातात धोतराचा सोगा, दुसऱ्या हातात निसटलेला फेटा.

"बर्री, बर्री!" ते ओरडत होते. बर्री म्हणजे या, आणि अळिया म्हणजे जावई. "अळियारे, काय चुकलं आमचं? सायकल देतो की! सायकल देतो, पर माघारी जाऊ नका!"

इराप्पानं मान बाहेर काढली. "सायकल नको मामा! दांडा सुटंना!"

"काय सुटंना?"

"दांडा! दांडा!"

तेवढ्यात खाली खाडकन आवाज झाला आणि दांडा आपसूक मोकळा झाला. इराप्पानं मोठ्यानं आरोळी ठोकली, खाली उडी टाकून सासऱ्यांना अक्षरशः उचलून मागच्या सीटवर टाकलं आणि गाडी पुढं सोडली. सासरे अजून रडत होते की हसत होते कळेना. माझं तर पोट दुखायला लागलं हसून.

दहा वाजून वीस मिनिटांनी आम्ही मांडवात होतो. कुणीतरी दोन घागरी त्याच्या अंगावर ओतल्या. ओल्या युनिफॉर्मवरच फेटा आणि बाशिंग चढलं. दुधनीचा आडत्याचा पोरगा नवं जाकीट घालून पुढच्याच रांगेत बसला होता. त्यानंही अक्षता टाकल्या, बिचाऱ्यानं. वाईट नव्हता तो.

साहेब दुसऱ्या पंगतीला पोचले. पोटभर जेवले, पुरणपोळीवर दूध ओतून घेतलं, आणि उठून बाह्या दुमडल्या.

"हवालदार, बाल्टी."

"साब, मज़ाक था."

"बाल्टी."

आडावर पाणी शेंदून, अख्ख्या गावासमोर, कॅप्टन बक्षी साहेबांनी जीप धुतली. बॉनेट, दारं, मग चाकं. बोटानं मडगार्डातली माती उकरून काढली. म्हातारे लोक तोंडात बोट घालून बघत होते. नवी नवरी माजघराच्या दारातून बघत होती. तीन चाकं झाली आणि पश्चिमेला पुन्हा ढग चढले. ओढा फुगायच्या आत परतायला हवं होतं. साहेबांनी हात पुसले.

"चौथा उधार, हवालदार."

"साब, फोर व्हील है. चार बनते हैं."

"अगली बार. वादा."

जूनमध्ये तुकडी मोडली. पाहुणी चाचणीत नापास झाली, आणि खरं सांगायचं तर तिच्यावर थोडा अन्यायच झाला. लॉक वेळेवर लावलं असतं तर ती ओढा हसत पार करती. मी वेगळ्या वर्कशॉपला गेलो. साहेब त्यांच्या मूळ युनिटला गेले आणि इराप्पाला बरोबर घेऊन गेले. डिसेंबरात लढाई झाली.

लढाईनंतर मी रजेवर येत होतो. कुर्डुवाडी जंक्शनला गाडी बदलायची होती. प्लॅटफॉर्मवर इराप्पा भेटला. पळत आला, पण हसला नाही. मी विचारलं, साहेब कसे आहेत?

"साहेब न्हाईत, उस्ताद."

पश्चिमेच्या आघाडीवर एक गाडी जखमींसकट रुतली होती. साहेब दोर घेऊन उतरले. दोर बांधून झाला आणि गोळा आला. इराप्पा ओढणाऱ्या गाडीच्या स्टेअरिंगवर होता. त्यानं जखमींची गाडी बाहेर काढली. सगळे जखमी वाचले. आम्ही दोघं तिथं बाकावर बसून राहिलो, माझी गाडी निघून गेली तरी.

आता मी जुळे सोलापूरला राहतो. रिटायर झाल्यावर गॅरेज टाकलं, चांगलं चाललं, देवाच्या दयेनं काही कमी नाही. शिकलेली पोरं नव्या गाड्या घ्यायच्या आधी विचारायला येतात, "काका, ऑल व्हील घेऊ का फोर व्हील?" मी सांगतो, डांबरावर फिरायचं असेल तर ऑल व्हील, शेतात घालायची असेल तर फोर व्हील, आणि कुठलीही घ्या, चिखलात शिरायच्या आधी लॉक लावा. त्यांना हे पटतं. साहेबांनाही शेवटचं पटलं असतं, पहिल्या दोन्हींवर ते भांडले असते.

गॅरेजमध्ये लिलावात घेतलेली एक जुनी जीप आहे. तीच म्हातारी असं सांगितलं तर गोष्ट छान होईल, पण खोटं कशाला बोलू? तसलीच दुसरी. दरवर्षी लग्नाच्या तारखेला इराप्पा आणि शांतव्वा अक्कलकोटहून येतात. सासऱ्यांनी शब्द पाळून दिलेली सायकल अजून त्याच्या घरी आहे. आम्ही दोघं म्हातारे जीप रानात फिरवून आणतो, चिखल नसेल तर चाकांवर माती कालवून लावतो, आणि मग धुतो. तीन चाकं.

यंदा मी म्हणालो, "इराप्पा, आता गुडघे वाकत नाहीत. चौथं पण धुवून टाकू आणि संपवू."

शांतव्वाच पुढं आल्या आणि माझ्या हातातली बादली काढून घेतली.

"त्यांनी दोर लावा म्हटलं न्हसतं तर मी आज दुधनीला असते, दाजी. ते चाक त्यांचं हाय. तुमी कोण धुनार?"

बरोबर आहे. आम्ही कोण?

कॅप्टन बक्षी साहेब. वय सत्तावीस. एक चाक बाकी.